भुकेची वेळ कोणती?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळात दर बुधवारी भजन होते, भजनानंतर चहा होतो, आणि चहाचा कप हाती आला की गेली काही वर्षे एक ठरलेले भांडण होते. एकजण म्हणते, "मला चहा नको, माझे दोन वेळचे चालू आहे." दुसरी पिशवीतून डबी काढते, डबीतून चार शेंगदाणे व गुळाचा खडा काढते आणि म्हणते, "मला दर दोन तासांनी थोडे खायला सांगितले आहे." मग पहिली दुसरीला सांगते की तू अशाने जाड होशील, आणि दुसरी पहिलीला सांगते की तू अशाने चक्कर येऊन पडशील. चिटणीसबाईंनी मला आज याच विषयावर बोलावयास सांगितले आहे. मी सातवी शिकलेली बाई, डॉक्टर नव्हे. परंतु घरातल्या आठ माणसांची भूक रोज पाहते आणि नववी माझी स्वतःची. तेवढ्या बळावर चार शब्द बोलते.

प्रथम हे दोन पक्ष कोठून आले ते सांगितले पाहिजे, कारण आपल्यापैकी काहीजणी नुसती नावे घेऊन भांडतात.

दोन वेळच्या पक्षाचे मूळ नागपूरकडचे. डॉ. श्रीकांत जिचकार म्हणून एक मोठे विद्वान गृहस्थ होऊन गेले. त्यांनी इतक्या पदव्या मिळविल्या होत्या की अभ्यासाचा कंटाळा करणाऱ्या मुलांना त्यांची गोष्ट सांगत. २००४ च्या जून महिन्यात अपघातात ते गेले. आहाराविषयी त्यांनी दिलेले एक व्याख्यान मागे राहिले. ते डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या ऐकण्यात आले. दीक्षितांनी आधी स्वतःवर प्रयोग केला आणि मग गावोगाव व्याख्याने दिली. मोबाइलवरून ती घरोघर पोहोचली, आपल्या जळगाव-धुळ्यातही पोहोचली. त्यांचा नियम असा की दिवसातून दोनदाच जेवावे, जेवण ५५ मिनिटांत आटोपावे, आणि मधल्या वेळेत पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा यांपलीकडे काही घेऊ नये. शिवाय रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे. (हे चालण्याचे कलम आपल्यापैकी बऱ्याचजणी विसरतात, पण ते असो.) त्यामागचा त्यांचा विचार असा की प्रत्येक खाण्याबरोबर शरीरात इन्सुलिन सुटते. ते दिवसभर सुटतच राहिले, तर साठलेली चरबी वापरायला शरीराला सवडच मिळत नाही.

दुसऱ्या पक्षाच्या ऋजुता दिवेकर. मुंबईच्या आहारतज्ज्ञ. त्यांचे इंग्रजी पुस्तक २००९ साली निघाले आणि फार खपले. उठल्याबरोबर चहा घेऊ नये, आधी काहीतरी खरे अन्न पोटात जावे. मग दर दोन तासांनी थोडे थोडे खावे. ज्या वेळी काम जास्त त्या वेळी खाणे जास्त, आणि रात्रीचे जेवण झोपण्याच्या निदान दोन तास आधी. असे त्यांचे सांगणे.

आता गंमत पाहा. दोन आणि सहा हे आकडे आपण घट्ट धरले. परंतु दीक्षितांच्या नियमाची सुरुवात 'दोनदा जेवा' अशी नाहीच. सुरुवात अशी आहे की तुम्हाला कडकडून भूक कोणत्या वेळी लागते ते आधी ओळखा, आणि त्या दोन वेळांना जेवा. व्याख्यानातले हे पहिलेच वाक्य आपण ओलांडून पुढे गेलो. का गेलो, ते मी सांगते. कारण त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ नव्हते.

मी एका बुधवारी सगळ्यांना विचारले होते, "तुम्हाला भूक किती वाजता लागते?" ज्या बायका आपल्या यजमानांच्या जेवणाची वेळ मिनिटांत सांगतात, नातू दूध किती वाजता मागतो ते सांगतात, म्हशीच्या आंबोणाची वेळ सांगतात, त्या गप्प झाल्या. एक वहिनी म्हणाल्या, "सगळ्यांचे झाले की लागते." सगळे हसले. पण ही हसण्याजोगी गोष्ट नाही. सगळ्यांचे झाल्यावर भूक लागते असे नाही, सगळ्यांचे झाल्यावर तिला परवानगी मिळते.

माझे माहेर धुळे जिल्ह्यातले, शेतकऱ्याचे. आखाजीला आम्ही लेकी माहेरी जात असू. झोके, गाणी, खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, हे सगळे आपल्याला ठाऊक आहे. मला त्यात आठवते ते निराळेच. दारातून आत पाऊल टाकले की आई विचारी, "तुले भूक लागनी का वं?" वर्षातून ते चार दिवस असे, की हा प्रश्न कोणीतरी मला विचारी. बाकीचे तीनशे साठ दिवस तो मी दुसऱ्यांना विचारीत असे. खानदेशातील कोणत्याही सासुरवाशिणीला विचारा, माहेरी अन्न गोड का लागते? आईच्या हाताला चव असतेच, पण माहेरी ते भुकेच्या वेळी ताटात येते.

आपली भूक आपल्याला कळेनाशी होते, त्याला तीन गोष्टी कारण आहेत असे मला वाटते. पहिली चहा. सकाळचा, डबे झाल्यावरचा, कोणी आले म्हणून त्यांच्याबरोबरचा, दुपारी उठल्यावरचा, संध्याकाळचा. एका कपात दोन चमचे साखर म्हणजे जवळजवळ १० ग्रॅम. पाच कपांची ५० ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी शक्ती एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शाहून कमी असावी, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत, आणि २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर अधिक चांगले. आपली मर्यादा पाहुण्यांच्या सरबराईतच भरली. लाडू अजून डब्यातच आहे! आणि चहाने भूक मरते, ती वेगळीच.

दुसरी गोष्ट चव पाहणे आणि उरलेले संपविणे. भाजीत मीठ पाहिले, पोरीने टाकलेली अर्धी पोळी खाल्ली, पातेल्याच्या तळाची खिचडी फेकवत नाही म्हणून उभ्याउभ्या खाल्ली. याला आपण जेवण म्हणत नाही, म्हणून ते मोजत नाही. पोट मोजते. अन्न वाया जाऊ नये हे खरेच, पण ते माझ्या पोटात गरज नसताना गेले तरी वायाच गेले. त्यापेक्षा मुठीने मोजून खिचडी टाकावी, नाहीतर सकाळी ती कांदा घालून परतावी.

तिसरी गोष्ट वाट पाहणे. भूक अकराला लागते. तेव्हा पुरुषमाणसे यायची असतात. अर्ध्या-पाऊण तासाने ती भूक बसते. दीडला पुन्हा उठते, तेव्हा आपण वाढत असतो. अडीचला ताट घेतो तेव्हा भूक राहिलेली नसते, नुसता थकवा असतो. थकलेले माणूस भराभर खाते आणि जास्त खाते. पोट भरल्याची जाणीव व्हायला सुमारे २० मिनिटे लागतात असे म्हणतात, आणि आपले जेवण १० मिनिटांत उरकते, कारण भांडी पडलेली असतात.

ही मिटलेली भूक पुन्हा कळू शकते का? कळते. माझी भाची औषधशास्त्र शिकते, तिने मला हे समजावून दिले. १९९९ साली जपानमधील शास्त्रज्ञांनी घ्रेलिन नावाचे एक द्रव्य शोधून काढले. ते मुख्यतः जठरातून रक्तात येते आणि मेंदूला सांगते की भूक लागली. त्याच्या आधी, १९९४ साली, अमेरिकेत लेप्टिन सापडले होते. ते चरबीतून येते आणि साठा पुरेसा आहे असे सांगते. हे घ्रेलिन रोजच्या जेवणाच्या वेळेआधी वाढते आणि जेवल्यावर उतरते. म्हणजे भुकेला घड्याळ शिकविता येते. रोज चारला चिवडा खाल्ला की चारला भूक उभी राहणारच, गरज असो वा नसो. आणि वेळ टळून गेली तर ती भूक पुष्कळदा आपली आपण ओसरते.

आपल्या गल्लीतील जैन कुटुंबे चौविहार पाळतात, सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेत नाहीत. त्यांच्या घरातील सुनेला मी विचारले, रात्री नऊला भूक लागत नाही का? ती म्हणाली, नवी लग्न होऊन आले तेव्हा लागे, आता आठवणही येत नाही. पलीकडच्या मोहल्ल्यातील आपल्या शिवणवर्गाच्या बाई रमजानमध्ये महिनाभर सहेरी आणि इफ्तार अशा दोनच वेळा खातात. पहिले दोनचार दिवस जड जातात, पुढे शरीर वळणावर येते, असे त्या सांगतात. आयुर्वेदातही आधीचे अन्न पचल्यावाचून त्यावर दुसरे खाणे, ज्याला अध्यशन म्हणतात, ते दोषाचे मानले आहे. आपल्या आजीबाई तर एकदा खातो तो योगी, दोनदा खातो तो भोगी, तीनदा खातो तो रोगी असे म्हणतच. मात्र त्याच आजीबाई शेतावर जाताना सकाळी न्याहारी, दुपारी झाडाखाली भाकरी आणि दिवेलागणीला खिचडी अशा तीन वेळा जेवत आणि रोगी नव्हत्या. कापूस वेचणारी बाई दिवसभर वाकलेली असते. तिला दोनदाच जेव असे सांगणे म्हणजे तिच्या श्रमाचा अपमान आहे. तिची भूक खरी आहे. मोबाइलवरचे व्याख्यान तिच्यासाठी नाही. ते बैठ्या कामाच्या, दुपारी पंख्याखाली पडणाऱ्या माझ्यासारखीसाठी आहे.

भाचीने आणखी दोन गोष्टी इंग्रजीतून वाचून सांगितल्या. भांडणाऱ्या दोन्ही पक्षांनी त्या ऐकाव्यात. २०१४ साली युरोपात प्राग शहरातील डॉक्टरांनी ५४ मधुमेही माणसे घेतली. बारा आठवडे दिवसातून सहादा थोडे थोडे आणि बारा आठवडे दोनदा पोटभर, असे प्रत्येकाला दोन्ही प्रकारांनी जेवू घातले. एकूण अन्न दोन्ही वेळी सारख्याच उष्मांकांचे. दोनदा जेवताना वजन अधिक उतरले, सुमारे ३.७ किलो. सहादा खाताना सुमारे २.३ किलो. झाले, दोन वेळचा पक्ष जिंकला! पण थांबा. ती दोन जेवणे सकाळची आणि दुपारची होती. आपल्याकडे दोन वेळचे करणाऱ्या बायका दुपारी दोनला आणि रात्री दहाला जेवतात. ते प्रागचे औषध नव्हे. दुसरी गोष्ट २०२२ सालची, चीनमधील. तेथे १३९ स्थूल माणसांना वर्षभर मापात जेवण दिले. निम्म्यांना ते सकाळी आठ ते दुपारी चार याच वेळात खायला सांगितले, निम्म्यांना वेळेचे बंधन नव्हते. वजन दोन्हीकडे उतरले आणि फरक मानण्याजोगा निघाला नाही. म्हणजे ताटात किती आहे हे घड्याळाइतकेच, किंबहुना त्याहून जास्त महत्त्वाचे. आकड्यात जादू नाही.

आता थोडे गंभीर बोलते. मागच्या वर्षी आपल्यातील एका भगिनीच्या बाबतीत काय झाले ते पुष्कळजणींनी पाहिले आहे. नाव सांगत नाही, त्यांच्या परवानगीने सांगते. त्यांना साखरेचा विकार. सकाळी गोळी घेत. मोबाइलवर ऐकून त्यांनी दोन वेळचे सुरू केले, डॉक्टरांना न सांगता. न्याहारी बंद झाली आणि गोळी मात्र चालू राहिली. सकाळी अकराच्या सुमारास देवळात त्यांना दरदरून घाम सुटला, अंग थरथरू लागले, डोळे फिरले, असंबद्ध बोलू लागल्या. बायकांना वाटले अंगात आले. कोणी कुंकू आणले, कोणी पायांवर डोके ठेवले. सुदैवाने तेथे एक परिचारिका बाई होत्या. त्यांनी ओळखले की रक्तातील साखर उतरली आहे. त्या बोलू शकत होत्या, गिळू शकत होत्या, म्हणून त्यांना पेलाभर पाण्यात तीन-चार चमचे साखर घालून पाजली. पंधरा मिनिटांत माणूस ताळ्यावर आले.

म्हणून हे नीट ऐका. साखरेच्या गोळ्यांत सगळ्या सारख्या नसतात. ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्या अन्न असो वा नसो साखर खाली ओढतात. इन्सुलिनची सुई तर ओढतेच. अशा औषधावर असताना जेवणाची वेळ बदलणे म्हणजे औषधच बदलणे. ते डॉक्टरांना विचारूनच करावे. तेथे भूक लागली की नाही हे पाहायचे नाही, घड्याळ पाहायचे. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी, साखर काहीही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा. त्या भगिनींची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली. आता त्या तीनदा जेवतात आणि आज येथे पुढच्या रांगेत बसल्या आहेत.

गर्भवती आणि अंगावर पाजणारी बाई, वाढत्या वयाची मुले, लहानपणापासून इन्सुलिन घेणारे, यांनी दोन वेळचे करू नये हे दीक्षितांनी स्वतः सांगितले आहे. तरी आपल्याकडे बाळंतीण सुनेला तसे सांगणाऱ्या सासवा मी पाहिल्या आहेत. तान्ह्या मुलाच्या भुकेवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवावा, ते कधी खोटे बोलत नाही. म्हाताऱ्या माणसाचे उलट. वय झाले की भूक मंदावते, आणि 'मला नको' म्हणत म्हणत हातपाय काटक्या होतात. तेथे भूक विचारीत बसू नये, ताट पुढे करावे. आणि आपल्यातल्या बारीक अंगाच्या बायका! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्यातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले आहे. जिची शेजारीण आठ किलो उतरली म्हणून जी मुळात चव्वेचाळीस किलोची बाई उपाशी राहते, तिला मी काय म्हणू? तिने आधी हिमोग्लोबिन तपासावे आणि कळण्याच्या भाकरीबरोबर पालेभाजी, मोडाची मटकी व वर लिंबू घ्यावे.

उपासाचेही बोललेच पाहिजे. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, शिवाय नवरात्र. देवाचे मी काही बोलत नाही, श्रद्धा ज्याची त्याची. परंतु दिवसभर साबुदाण्याची खिचडी, वेफर्स, बटाट्याचा कीस आणि शेंगदाण्याचे लाडू खाऊन त्याला पोटाला विश्रांती म्हणणे बरे नव्हे. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपल्याच आजीने केलेली आहे, कोणा नास्तिकाने नव्हे.

खरी भूक आणि खोटी भूक ओळखावी कशी, असे मला विचारतात. मी जी पारख करते ती सांगते. खरी भूक हळूहळू येते आणि निवडानिवड करीत नाही. शिळी भाकरी, ठेचा आणि कांदा समोर आला तरी चालतो. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. खोटी भूक नाव घेऊन येते. तिला शेवच पाहिजे, कचोरीच पाहिजे, शेजारणीकडे तळणीचा वास आला की ती एका क्षणात जागी होते. अशा वेळी मी आधी पेलाभर पाणी पिते. आपल्या वैशाखात, जेव्हा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा तहानच पुष्कळदा भुकेचे सोंग घेते, आणि खरी भूक तर उन्हाने मरूनच जाते. पोटात गुरगुरले म्हणजे भूकच लागली असेही नाही. रिकामे आतडे अधूनमधून स्वतःला झाडून घेते, त्याचाही तो आवाज असतो. आणि रात्री झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, हे तर बाळंतिणीच्या आईला विचारा.

बुधवारचे भांडण मिटावे म्हणून आम्ही काहीजणींनी पंधरा दिवस एक वही ठेवली. तीन रकाने. भूक कधी लागली, जेवले कधी, आणि मध्ये काय तोंडात टाकले. पहिले तीन-चार दिवस बहुतेकींचा पहिला रकाना रिकामा. 'कळले नाही' असे लिहिलेले. तिसरा रकाना मात्र पानाबाहेर चाललेला! हळूहळू पहिला भरू लागला. कोणाची भूक सकाळी नऊची निघाली, कोणाची बाराची. एकीला सकाळी भूकच नसते, तिला लहानपणापासून जबरदस्तीने पोहे खायला घातले होते. डबीवाल्या मैत्रिणीला दर दोन तासांनी खरोखरच भूक लागते असे तिच्या वहीने सांगितले, कारण तिचे प्रत्येक खाणे मूठभरच असते. तेव्हा तिला आता कोणी बोलत नाही.

माझी वही मला साडेदहा आणि सहा असे सांगू लागली. मी जेवत होते अडीचला आणि दहाला. मी एक दिवस साडेदहाला डबे गेल्यावर, सगळा स्वयंपाक तयार असताना, ताट वाढून घेतले आणि खाली बसले. सासूबाई ओसरीवरून पाहत होत्या. म्हणाल्या, "घरातली माणसे अजून जेवायची आहेत." मी म्हटले, "त्यांना गरम पोळी मिळेल, मी उठून करून वाढीन. पण मला आत्ता भूक लागली आहे." त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही बोलल्या नाहीत, परंतु स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची थाळी फळीवरून काढली आणि माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "मलाही याच वेळी लागते. पन्नास वर्षे लागते."

मला घास गिळवेना. आता आम्ही दोघी साडेदहाला जेवतो. दुपारी पुरुषांना वाढताना मी ताक घेते. दुपारचा फरसाण सुटला तो मी सोडला म्हणून नाही, त्याची आठवणच होत नाही. रात्री सहाला मात्र अजून जमत नाही, आठ वाजतात, कारण यजमान दुकानातून येईपर्यंत कोणी ताट घेऊ नये असा घरचा रिवाज आहे, आणि सगळे रिवाज एका वर्षात हलत नाहीत. माझे वजन किती उतरले हे मी सांगणार नाही, कारण उद्या सगळ्याजणी साडेदहाला जेवू लागतील. तुमची वेळ तुमच्या वहीत आहे.

राजस्थानात बांसवाडा आणि सिरोही या जिल्ह्यांत काही वर्षांपूर्वी बचतगटांच्या बायकांमार्फत घरोघर एक साधी गोष्ट सांगितली गेली, की घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून जेवावे. खर्च काही नाही, नवे अन्न काही नाही. मी हे ऐकले तेव्हा मला आपल्याच पंगतीची आठवण झाली. दरवर्षी वर्धापनदिनाला भरीत-पुरीचा बेत होतो. पहाटेपासून वांगी भाजणाऱ्या, साले काढणाऱ्या, मिरच्या कुटणाऱ्या भगिनी सगळ्यांच्या शेवटी, संध्याकाळी चारला, गार पुऱ्या आणि पातेल्याला लागलेले भरीत खातात. आणि आपण त्यांचे आभार मानतो, माइकवरून.

यंदा कार्यकारिणीने माझी एक सूचना मान्य केली आहे, ती सांगून थांबते. आता या भाषणानंतर पहिली पंगत बसेल ती स्वयंपाकघरातील भगिनींची. त्या पहाटे पाचला आल्या आहेत. वाढायला आपण बाकीच्या उभ्या राहू. अध्यक्षाबाईंनी पुऱ्यांची टोपली घेण्याचे कबूल केले आहे, भरिताचे पातेले मी घेते, ताकाला दोघी पाहिजेत. ज्यांना गोळी घेऊन तासाभरात जेवायचे असते, त्यांनीही पहिल्याच पंगतीला बसावे, संकोच करू नये. पाट मांडले आहेत.